पहिली मूठ

"अगं विमले, मूठ दे ना इकडं!" मी म्हणले आन् सगळ्या बाया एकमेकींकडं बघाया लागल्या.

कोंडाजीबाबाच्या खाचरात चिखल तयार, रोपाच्या मुठी बांधावर पडलेल्या, वरून पाऊस सपासप मारतोय. आमच्या पाड्यात आवणीची, म्हंजी भातलावणीची, पहिली मूठ मीच लावायची, लगीन होऊन आले तवापासून. पुतळीचा हात लागला की भात लोळत नाय, असं हा कोंडाजीबाबाच पेठच्या बाजारापर्यंत सांगत फिरायचा.

तोच बांधावरून म्हणला, "पुतळे, तू मधी लाव. औंदा पहिली मूठ विमला लावंल."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"हाताला नाय गं. कपाळाला."

आता कपाळाचं सांगते. माझं मालक, पुंजा, दारूत पार बुडालं व्हतं. खालच्या वाडीत रविवारच्या प्रार्थनेला जाया लागलं आन् दारू सुटली. मंग मीबी जाया लागले, कुंकू लावायचं सोडलं. पाड्याच्या वाघदेवाला कधी वाकडा शब्द बोलले नाय, कुणाला 'चल माझ्यासंगं' म्हणले नाय. आधी लोक हसले, मंग सवय झाली. मला तरी तसंच वाटलं.

"कपाळ मोकळं केलं, ते बी चालवून घेतलं," कोंडाजीबाबा म्हणला. "पर विमलाच्या घरात शिरून नातवाच्या डोक्यावर हात ठेवून काय पुटपुटत व्हतीस? पोरगं बाटवाया निघालीस व्हय?"

मी विमलाकडं बघितलं. ती आपली पायानं चिखल उकरत उभी.

हीच बया, विमलाबाई, माझी शेजारीण, भर पावसात माझ्या दारी आली व्हती. नातू रुद्र तापानं फणफणला व्हता. माझा हात धरून म्हणली, "पुतळे, तुझ्या देवानं पुंजाभाऊची दारू सोडवली. माझ्या रुद्रासाठी त्याला एक शब्द सांग ना. पर कुणाला कळू देऊ नको हां." मी गेले. प्रार्थना केली आन् वर डाक्टरकडं बी धाडलं. पोरगं हुंदडाया लागलं. कुणाला सांगू नको म्हणली, म्हणून मी मालकालाबी सांगितलं नाय.

"विमले, मला कुणी बोलावलं? सांग की."

"मी कशाला बोलवू?" मान वर न करता म्हणली. "तूच आलीस."

असा संताप आला, वाटलं हितंच चिखलात लोळवावी हिला. पर सावड ती सावड. आज मी तुमच्या खाचरात वाकायचं, उद्या तुमी माझ्या. मधी उभी राहिले आन् लावत गेले. कोंडाजीबाबाचं झालं, विमलाचं झालं, एकेकाचं करत सगळ्या पाड्याची आवणी झाली. प्रत्येक खाचरात माझा घाम हाय.

माझ्या पाळीला एक माणूस आलं नाय.

रोप वाढून पिवळं पडाया लागलं. अजून थांबलं तर लावून उपेग नाय, वरीसभर खायचं काय? आमी दोघंच उतरलो. पाठ मोडून आली. मालक म्हणलं, "देव बघतोय."

"बघू द्या त्याला. तुमी रोप उपटा."

दुपार कलली तशी ओहोळाच्या अंगानं कुणीतरी येताना दिसलं. इरलं पार नाकापर्यंत ओढलेलं. विमला!

"पुतळे, रुद्राला परत ताप चढलाय. चल ना गं. मागल्या दारानं ये."

मी हातातली मूठ तिच्यापुढं धरली. "घे. माझ्यासंगं एवढी एक मूठ लाव. मंग लगेच येते. पर पुढल्या दारानं."

तिनं हात पुढं केला, खरं सांगते, केला. तेवढ्यात वरच्या रस्त्यानं कोंडाजीबाबा गुरं घेऊन चालला व्हता. तिनं हात इरल्यात घेतला.

"कुणी बघंल गं."

"मंग आताच्या आता डाक्टरकडं ने त्याला. हितं उभी राहू नको."

आली तशी ओहोळानं गेली. मी चिखलात उभ्या उभ्या डोळे मिटले, रुद्रासाठी मागितलं. पोराचा काय गुन्हा? विमलाचं नाव घ्याया गेले तर जीभच हलंना.

"तिच्यासाठीबी माग," मालक म्हणलं.

"तुमी मागा," मी म्हणले आन् मुठीचा बंध सोडून रोप लावाया वाकले.