नमद्याखाली वाजलेला पियानो

मित्रांनो, माझं वय मला विचारू नका, माझ्या पट्ट्यांना विचारा. एके काळी त्या पांढऱ्याशुभ्र होत्या, आता जुन्या कपबशीसारख्या पिवळट झाल्या आहेत. मी एक जुना पियानो आहे. सभागृहात ऐसपैस पसरणाऱ्या लांबलचक पियानोंपैकी मी नव्हे. मी भिंतीला पाठ लावून उभा राहणारा, घरगुती. जर्मनीतल्या हाले शहरात साले नदीजवळच्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी आणि मजल्यामजल्यांतून वर येणारा, खोली ऊबदार ठेवणारा पाइप यांच्यामध्ये माझी जागा आहे. त्या पाइपाकडे लक्ष असू द्या. माझ्या आयुष्याचं जे बरंवाईट झालं, ते त्याच्यामुळेच झालं.

माझा जन्म थुरिंगियातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तारा ताणल्या, हातोड्या बसवल्या आणि सर्वांत शेवटी नमद्याची एक पट्टी टांगली. मधलं पेडल दाबलं की ही जाड लोकरी पट्टी हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये उतरते आणि माझा आवाज रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा होतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सोय असते. पट्टी बसवणारी बाई मैत्रिणीला म्हणाली की हिची फारशी कुणाला गरज लागत नाही. बाईंचा अंदाज साफ चुकला.

तिथून मी कोळशाच्या एका खाणीच्या करमणूक भवनात गेलो. काय दिवस होते ते! खाणीतली माणसं घसा फाटेपर्यंत गायची आणि मला त्यांच्या वरचढ वाजावं लागायचं. माझ्या डोक्यावर बिअरचे पेले ठेवत, त्यांचे गोल डाग अजून आहेत. पुढे दोन जर्मनींमधली भिंत पडली, त्यांचा एक देश झाला, खाण बंद पडली आणि भवनाला कुलूप लागलं. मी त्या गार दालनात एकटा उभा राहिलो. माझ्यात उंदरांनी संसार थाटला. जो उचलून नेईल त्याचा पियानो, अशी चिठ्ठी माझ्यावर चिकटवली, तरी कुणी फिरकलं नाही.

आणि एक दिवस हाइडरून क्वास आली. नुकतीच संगीतरचना शिकून बाहेर पडलेली, उंच, केस कसेबसे बांधलेले. तिनं उभ्याउभ्याच दोन्ही हातांनी माझ्यावर असा काही आघात केला की उंदीर पळाले. “हा ओरडू शकतो,” ती म्हणाली आणि मला घरी घेऊन आली.

तिचं तेव्हाचं संगीत आडदांड होतं. ती कोपरं टेकवून वाजवायची, मध्येच थांबून कागदावर स्वर लिहायची, पुन्हा तुटून पडायची. मला खाणीचे दिवस परत आल्यासारखं वाटायचं. दुपारी एक ते तीन घर चिडीचूप असे, तेवढी वेळ ती पाळायची. बाकी दिवसभर आम्ही दोघं दणदणाट करायचो.

एकदा संध्याकाळी ती अशीच एक मोठा तुकडा वाजवून थांबली, आणि पाइपातून आवाज आला. टक. टक. मग भराभर टकटकटकटक. तिचे हात हवेतच राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खालच्या मजल्यावर हेर लॉयश्के नावाचे गृहस्थ एकटे राहत; आमच्याकडे हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. विद्यापीठात दगडखनिजं शिकवायचे, नव्या राजवटीत त्यांची जागा गेली होती. जिन्यात भेटले की मान हलवायचे, एवढीच ओळख. तळमजल्यावरच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, ग्रुनर्ट जिना कुणी झाडला आणि कुणी नाही यावर नजर ठेवून असत. हाइडरूननं त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर तिनं घरी येऊन कोट न काढताच माझ्यासमोर पुटपुटून दाखवलं: “अहो, पाइप ठोकला म्हणजे आवाज बंद करा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या बिचाऱ्याची नोकरी गेलीय, आता तुम्ही त्याचं डोकंही खा.”

तिनं मधलं पेडल दाबलं, डावीकडच्या खाचेत अडकवलं आणि नमदा माझ्या तारांवर उतरला.

मित्रांनो, मला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. ते ठोकणं आम्ही वाजवत असताना कधीच येत नसे. आम्ही थांबलो की यायचं. वैतागलेला माणूस आवाज थांबायची वाट कशाला पाहील? पण पियानोला जे कळतं ते सांगता येत नाही. नमदा उतरल्यावर आणखी काही दिवस अधूनमधून ठोकणं आलं, मग तेही बंद झालं. हाइडरूनला वाटलं, चला, शेजारी समाधानी झाला.

नमदा पुन्हा कधी वर गेला नाही. मला वाटायचं, निदान नाताळात उचलेल, निदान हेर लॉयश्के बहिणीकडे समुद्रावर गेले की उचलेल. तिला सवय झाली होती. माझ्या पट्ट्या हलायच्या, हातोड्या उठायच्या, आणि माझाच आवाज मला परक्यासारखा लांबून ऐकू यायचा. तिच्याकडे एक मित्र यायचा, पुढे तोही यायचा थांबला. चार वाजता ती एकटीच कॉफी प्यायची आणि आलुबुखाराच्या केकचा तुकडा माझ्या डोक्यावर विसरायची. एका खोलीत आम्ही दोघं, आणि दोघंही दबक्या आवाजात.

गंमत अशी, की याच दबक्या आवाजानं तिचं नाव झालं. माझ्यावर जे ऐकू येई तेच ती लिहीत गेली. चार तंतुवाद्यांसाठीची तिची रचना इतकी हळू होती की श्रोते खोकला दाबून बसत. वर्तमानपत्रांनी लिहिलं की फ्राउ क्वास शांततेला बोलतं करतात. एका विद्वानानं तिच्या मौनाचा संबंध देशाच्या इतिहासाशी जोडला. बक्षिसं आली, दूरदूरची आमंत्रणं आली. मी मनात म्हणायचो, विद्वान महाराज, एकदा माझं झाकण उघडून बघा, तुमचा इतिहास टांगलाय आत.

अशी वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले. मग शहराच्या वाद्यवृंदानं तिला मोठी रचना मागितली. पितळी वाद्यं, नगारे, सगळा ताफा, आणि शेवट सभागृह हादरवणारा हवा, अशी त्यांची इच्छा होती. तिला किती आनंद झाला! बरीच वर्षं ती याच संधीची वाट पाहत होती. पण शेवट काही येईना. ती माझ्यापुढे बसायची, मोठं काही वाजवायला जायची आणि बोटं आपोआप मऊ पडायची. तिच्यातला तो ओरडा कुठे गेला, हे तिलाच सापडत नव्हतं. अखेर तिनं ठरवलं की आपल्याला जमत नाही असं कळवून टाकायचं. त्या दिवशी ती माझ्या बंद झाकणावर कपाळ टेकून बसली होती. मला फार वाईट वाटलं. आम्हा दोघांचाही आवाज आता कायमचा गेला, असं वाटलं.

कळवण्याआधी एक काम उरलं होतं. विद्यापीठात तिचं भाषण होतं आणि शेवटी तिची ती हळू रचना वाजवली जाणार होती. ती गेली. परत आली ती एकटी नव्हती. मागोमाग काठी टेकत हेर लॉयश्के आत आले, जन्मात पहिल्यांदाच. खूप म्हातारे झाले होते, कानात यंत्र होतं. ती धापा टाकत होती. तिच्या बोलण्यातून मला कळलं: भाषण संपल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्यांऐवजी बाकं ठोकली, त्यात शेवटच्या रांगेतून एक ठोका वेगळा आला होता. दोन सावकाश, मग भराभर.

“तुम्ही घरीही असंच ठोकायचात,” ती त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. “पाइपवर.”

“मग दुसरं कसं ठोकणार?” म्हातारबुवा म्हणाले. “आम्ही विद्यापीठातली माणसं टाळ्या थोड्याच वाजवतो.”

“म्हणजे ती दाद होती?”

“तर काय! माझी नोकरी गेली, बाकं गेली. राहता राहिला पाइप.”

हाइडरून खुर्चीत बसली. “बाकावरचं ठोकणं मला कळतं हो,” ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली. “पण घरात पाइप ठोकला की... मला वाटलं, तुम्हाला त्रास होतोय. म्हणून मी आवाज दाबला.”

ते काठीवर रेलून पाइपाकडे वळले. मग म्हणाले, “मला वाटलं, बाई मानी आहे. कौतुक केलेलं खपत नाही, लगेच आवाज बंद करते. म्हणून ठोकणं सोडलं. मग पाइपाला कान लावून ऐकायचो. हिवाळ्यात कान भाजायचा.”

हाइडरून उठली. तिनं माझं मधलं पेडल खाचेतून सोडवलं. नमदा वर गेला, त्याच्याबरोबर कितीतरी वर्षांची धूळही उडाली. तिनं दोन्ही हातांनी पहिल्या दिवसासारखा आघात केला. मी बेसूर झालो होतो, पण ओरडलो. तिनं वळून पाहिलं. हेर लॉयश्के तिच्याकडे नुसते पाहत होते. कानाशी मोठ्यानं बोललेलं सोडलं तर त्यांना फारसं ऐकू येतच नव्हतं.

मग त्यांनी काठी बाजूला ठेवली, जवळ आले आणि माझ्या कुशीवर दोन्ही तळहात टेकले. “आता वाजव,” ते म्हणाले. इतक्या वर्षांचं अहो-जाहो त्यांनी एका शब्दात संपवलं. तिनं वाजवलं. माझं सगळं लाकूड थरथरत होतं आणि ती थरथर त्यांच्या हातांत जात होती. ती थांबल्यावर त्यांनी माझ्या अंगावर बोटांच्या पेरांनी ठोकलं. टक. टक. मग भराभर.

शेवट त्या आठवड्यात लिहून झाला. शेवटच्या ओळीत सगळा वाद्यवृंद गर्जून थांबतो आणि नगारा तेच ठोके वाजवतो. सभागृह हादरलं म्हणतात. हेर लॉयश्के तिथे नव्हते, त्या वसंतात ते गेले होते. ती रात्रीची घरी आली, बूट न काढता माझ्यापुढे बसली आणि पाइपाकडे पाहत राहिली. पाइप गप्प होता.

आता खाली नवं जोडपं राहतं. परवा आम्ही वाजवत होतो आणि पाइप वाजला, अगदी मध्येच. हाइडरूननं पेडलला पाय लावला नाही. ती उठली आणि जिना उतरून विचारायला गेली. परत आली तेव्हा हसत होती. खालचं तान्हं बाळ नुकतंच झोपलं होतं. मग तिनं नमदा उतरवला, आणि मित्रांनो, तो मला जराही टोचला नाही. बाळ उठल्यावर तो पुन्हा वर गेला.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ पुसा, सूर लावून घ्या, पण त्याला दाबून ठेवण्याआधी एकदा दार उघडून विचारा. आणि कुणाचं काही आवडलं तर भिंतीपलीकडून ठोकू नका, समोर जाऊन सांगा. हाइडरून अजूनही कधी कधी वाजवता वाजवता थांबते, पाइपाला कान लावते आणि पुन्हा येऊन बसते. तेव्हा मला राहून राहून वाटतं, त्या दोघांच्या मध्ये फक्त एक जिना होता.