डावा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुने गीतपुस्तक आहे. निळ्या पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले, पोटात तीनशे नऊ गीते बाळगणारे. छापखान्यात मला डिंकाने चिकटवले नाही, दोऱ्याने शिवले. म्हणून अजून एकसंध आहे, नाहीतर हल्लीची पुस्तके दोन वर्षांत पाने गाळू लागतात.

माझी मालकीण कपडे शिवते. लग्न झाले तेव्हा तिच्या नवऱ्याने मला विकत घेतले, दोघांत मिळून एकच. चर्चमध्ये डावा पुठ्ठा तो धरायचा, उजवा ती. पाळकांनी क्रमांक सांगायचा अवकाश, पहिला सूर हिचा, मग बाकीची मंडळी. पाळक तिचे कौतुक करायचे आणि मी उगाच फुगायचे.

मग तो गेला. त्याच्या मातीला माझे एकशे बारावे गीत गायले. त्यानंतर दोन्ही पुठ्ठे ती एकटीच धरू लागली. पुढे कामासाठी तिला दूरच्या शहरात यावे लागले. गणवेश शिवण्याचा कारखाना, जिन्याखालची एक खोली, खिडकीसमोर भिंत. संध्याकाळी ती शिलाई मशीनशी बोलायची, कारण दुसरे कुणी नव्हतेच. रविवारी नव्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर मुकी बसायची आणि आशीर्वचन होताच निघायची. तिथली माणसे वाईट नव्हती. कुणी विचारले नाही, एवढेच.

तीन महिन्यांनी तिने धीर करून मला सोबत नेले. त्या दिवशी नेमका उशीर झाला आणि खांबामागची जागा मिळाली. पुढचे काही दिसेना. पाळक म्हणाले, "गीत एकशे बारा." कुणीतरी गेले असावे, असे तिला वाटले. तिने त्या अनोळखी माणसासाठी अगदी मनापासून पहिला सूर लावला. दोन ओळींनंतर कळले, आपण एकट्याच गात आहोत. पुढे एका बाळाचा बाप्तिस्मा चालला होता. त्यांची पुस्तके नव्या आवृत्तीची, त्यातले एकशे बारावे गीत लेकरांना आशीर्वाद देण्याचे. सगळ्या माना मागे वळल्या. बाळानेही भोकाड पसरले.

तिने मला पिशवीत कोंबले आणि घर गाठले. दोन रविवार मी खडू आणि दोऱ्यांच्या रिळांबरोबर खणात पडून होते. "आता नाही जायचं," तिने मशीनला सांगितले. मी रडले असते, पण कागदाला ओल सोसत नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी दार वाजले. बाळाची आजी होती. बेकरीतल्या कामावरून थेट, पत्ता विचारत आलेली, केसांत पीठ. मालकिणीने तिला बसा म्हणण्याआधी माफीच मागून टाकली. आजी म्हणाली, "बाळाचे आजोबा गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी त्यांचं नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही, शुभ दिवशी कशाला म्हणून. तुम्ही गायलात आणि मी एकदाचं रडून घेतलं."

"अहो, पण मी चुकून गायले."

"ते सगळ्यांना कळलं," आजी म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

मग आजीने पिशवीतून आपले नवे पुस्तक काढले, पेन्सिल मागितली आणि माझ्या प्रत्येक गीतापुढे नवा क्रमांक लिहायला बसली. सव्वीस गीतांना नवा क्रमांकच नव्हता, ती तिथे आता कुणी गात नाही. त्यांपुढे तिने बारीक रेघ ओढली. मालकिणीच्या नवऱ्याच्या अंगठ्याचा डाग असलेले गीतही त्यातलेच. त्याचे मला अजून वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी आजी पुढचा बाक सोडून खांबामागे मालकिणीजवळ येऊन बसली. पाळकांनी क्रमांक सांगितला. आजीने आपले पुस्तक मांडीवर मिटून ठेवले आणि माझा डावा पुठ्ठा धरला. मालकिणीचा आवाज आधी कापला, मग लागला. मंडळीचे सूर मागून आले.

मित्रांनो, आमची पाने दुमडू नका, आम्हाला ओलीपासून जपा, हे तर सांगायचेच. पण तुमच्या बाकावर कुणी जुने पुस्तक घेऊन एकटे बसले असेल, तर त्याला नुसता क्रमांक सांगू नका. जवळ सरका आणि पुस्तकाची एक बाजू धरा. माझा डावा पुठ्ठा सात वर्षे कुणी धरला नव्हता.