मुका मार

छातीच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, काखेतल्या गाठी काढल्या आणि श्यामलाबाईंचा डावा हात सुजला, तो सुजलाच. त्याला वर्षे लोटली. त्या हाताला त्या ‘जाऊबाई’ म्हणत. “आल्या तेव्हा चार दिवसांसाठी म्हणाल्या होत्या.” विश्रांतवाडीचा शिंपी ब्लाउजची डावी बाही जाऊबाईंच्या मापाने शिवत असे, आणि उजवीपेक्षा तीच अधिक चांगली बसे.

उन्हाळ्यात त्या हातावर जांभळा डाग उमटला. श्यामलाबाईंनी साक्षीपुरावा न घेताच निकाल दिला : नवऱ्याने, रंगरावांनी, कपाटाचे दार आपटले, ते जाऊबाईंना लागले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी नोकरी काढूनही ज्यांच्या हातून कधी लवंगी फुटली नाही, त्या रंगरावांनी आरोप साफ नाकारला.

“मी दार लावलं, आपटलं नाही.”

“बरोबर. हातच दारावर जाऊन आपटला.”

तरी रोज सकाळी सहाणेवर आंबेहळद उगाळून लेप तेच लावत. मुक्या माराला आणखी काय लावणार? लेपाखाली डाग पिवळा दिसे, आणि पिवळा दिसला की दोघांनाही तो उतरल्यासारखा वाटे. गणपती येऊन गेले. डाग काही गेला नाही.

स्वारगेटजवळच्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर अपूर्वा यांनी आधी ओल्या कापसाने लेप पुसला. मग डागाच्या कडा बोटाने दाबून पाहिल्या.

“काकू, मार कधी लागला?”

“यांना विचारा. आरोपी शेजारीच बसलाय.”

“मी मारलंच नाही,” रंगराव म्हणाले.

“मलाही तसंच वाटतंय, काका,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “मुका मार हिरवा होतो, पिवळा होतो आणि जातो. हा पसरलाय. शेजारी दुसरा ठिपका आलाय. वर्षानुवर्षं सुजलेल्या हातात क्वचित रक्तवाहिन्यांचा कॅन्सर होतो. तो असाच दिसतो, मार लागल्यासारखा. तुकडा काढून तपासायला हवा. आजच.”

“जुनाच परत आला?”

“नाही काकू, असलाच तर हा वेगळा.”

“म्हणजे नवीन पाहुणा. हात जाईल?”

“कदाचित. तुकडा तपासल्याशिवाय नाही सांगता येणार.”

रंगराव उभे राहिले. “डॉक्टर, दार मीच आपटलं होतं. चांगलं जोरात. मला आता आठवतंय.”

सारा उन्हाळा आणि पावसाळा ज्या आरोपाशी ते झगडले, तो त्यांनी एका दमात पदरात घेतला, आणि शिक्षा वाढवून मिळावी अशा चेहऱ्याने ते डॉक्टरांकडे पाहत राहिले.

“अहो, बसा,” श्यामलाबाई म्हणाल्या. “एवढं जोरात आपटायची तुमची छाती कधीच नव्हती.” मग ढगळ बाही स्वतःच वर सारत त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “यांचं ऐकू नका. काढा तुकडा.”

रंगराव बसले. त्यांच्या बोटांच्या पेरांना सकाळची आंबेहळद अजून होती. त्या बोटांनी त्यांनी जाऊबाईंना धरले. अगदी हलके, दार लावावे तसे.