सापळे टांगायचं झाड

हंगामातलं शेवटचं मिंक सोलताना मार्गेरीट हसली आणि घात झाला. सुरी शेपटीखालच्या गाठीला लागली. मुंगसाएवढा तो जीव, पण असा दर्प सुटला की दोघी बायका नुसत्या मोज्यांवर खोपीबाहेर बर्फात पळाल्या. सुरी मार्गेरीटची, पण हसवलं होतं तिच्या नणंदेनं, जोझेटनं. सत्तरी उलटली तरी बाईच्या जिभेला हाड नाही. गावातला दुकानदार नाचताना कसा लंगडतो याची नक्कल ती करून दाखवत होती.

"आता वसंताच्या नाचाला आपल्याजवळ कोण फिरकणार?" जोझेट म्हणाली.

"तुमच्याजवळ तसंही कोण फिरकत होतं, वन्सं?"

त्यावर दोघी पुन्हा हसत सुटल्या. कॅनडातल्या क्री आदिवासींत नणंद-भावजयीनं एकमेकींची टर उडवायचीच असते. नाही उडवली तर लोक विचारतात, काय गं, बिनसलंय का तुमचं?

हंगाम संपल्याचा आनंद दोघींच्या अंगात मावत नव्हता. सगळा हिवाळा गोठलेल्या नदीकाठी सापळे लावण्यात गेला होता. आता छपरावरून पाणी टपकत होतं, कातडी पोत्यांत भरून झाली होती. सकाळी सापळे गोळा करताना जोझेट भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतली, तेव्हा मार्गेरीटनं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग तिला ओढून काढलं.

तरी मार्गेरीटला आतून धाकधूक होती. हा शेवटचा हिवाळा, असा शब्द तिनं शहरातल्या लेकाला दिला होता. बाबा गेले, आता तुझं त्या रानात काय काम, असं त्याचं म्हणणं. रान नवऱ्याच्या वडिलांचं, म्हणजे आता जोझेटचंच. तिला हे सांगायचं धाडस मार्गेरीटला झालं नव्हतं. पण आज ते लपणार नव्हतं. हंगाम संपला की सापळे खोपीमागच्या झाडावर टांगून ठेवायचे. ज्याचे सापळे झाडावर, तो पुढच्या थंडीत परत येणार. ज्यानं ते गावी नेले, त्यानं रान सोडलं.

जोझेट आपल्या सापळ्यांची जुडी टांगून चहा करायला आत गेली. मार्गेरीटनं घाईघाईनं आपले सापळे स्नोमोबाईलला जोडलेल्या घसरगाडीत घोंगडीखाली सारले. लोखंडच ते, खणखणलं.

मागे वळून बघते तर जोझेट दारात उभी. ती तरातरा झाडाकडे गेली, आपली जुडी उतरवली आणि आणून घसरगाडीत आदळली.

"हे काय वन्सं?"

"जायचंय ना? मग जाऊ दोघी."

"अहो, बापाचं रान आहे तुमच्या."

"बाप गेला, भाऊ गेला. मी एकटी इथं काय करू? सगळा हिवाळा चिडवू कुणाला गं?" जोझेटचा आवाज चिरकला, आणि आवाज चिरकला म्हणून ती आणखीच भडकली.

मार्गेरीटच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्यापासून तिला वाटत होतं, नणंद आपल्याला दयेपोटी ठेवून घेते आहे. असं काही नव्हतंच तर. तिनं दोन्ही जुड्या उचलल्या, झाडापाशी गेली आणि एकाच फांदीवर शेजारी शेजारी टांगल्या. गाठही अशी मारली की सहज सुटू नये.

"लेकाला काय सांगशील?" जोझेटनं नाक पुसत विचारलं.

"सांगेन, नणंदेचा फार जाच आहे रे, सोडतच नाही मला."

जोझेट हसता हसता घसरगाडीला टेकली. "सांगच," ती म्हणाली, "गावभर सांग."

लेक रागावणार होता, आणि त्याचं चुकतही नव्हतं. शब्द मोडल्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण मार्गेरीटनं स्नोमोबाईल सुरू केली, जोझेट बसायच्या आतच पुढे दामटली, आणि मागून येणाऱ्या शिव्या ऐकत नदीच्या वळणापर्यंत खिदळत गेली.