गप्प न बसणारी शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. त्याला माझा इलाज नाही. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. कोणी चाललं, वळलं, नुसतं शिंकलं तरी ती गडगडते. कारखान्यात माझा पत्रा कापला, वाकवला, सांधला आणि सगळ्यात शेवटी ही गोळी आत सोडली. तेव्हापासून जिवाला शांतता म्हणून नाही.

मला विकत घेतलं एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते. सुट्टीच्या दिवशी सर फुटबॉलच्या सामन्यांत पंच असत. काय दिवस होते ते! माझा आवाज निघाला की बावीस धटिंगण जागच्या जागी उभे राहत. सरांचा खाक्या एकच. चूक दिसली की फुंकायचं, विचार मागाहून. सरांच्या शिट्टीपुढे कोणाचं काही चालत नाही, असं लोक म्हणायचे. मी ऐकायचे आणि फुगायचे.

सरांची लेक माझ्याच आवाजावर लहानाची मोठी झाली. तिला जेवायला बोलवायचं तरी सर मलाच फुंकत. हे घर आहे की मैदान, म्हणून तिची आई वैतागायची. लेक मात्र असेल तिथून धावत ताटावर यायची. पुढे तीही पंच झाली. लग्न करून परदेशी गेली, पण तिथंही तिनं शिट्टी सोडली नाही. इकडे सर निवृत्त झाले, आई गेली, सरांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी कपाटाच्या खणात सुट्या बटणांच्या शेजारी जाऊन पडले. खण उघडला की मी आशेनं गडगडायचे. सरांचा हात आत यायचा आणि नेलकटर घेऊन जायचा. फार वाईट वाटायचं हो.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. तिला एका मोठ्या सामन्याची पंचगिरी मिळाली होती. वरच्या श्रेणीत तिला घ्यायचं की नाही, हे त्या एका सामन्यावर ठरणार होतं. तिचं काम बघायला खास परीक्षक येणार होते. बाबांनीही यावं, असं तिला फार वाटत होतं. अट मात्र एकच, बाबांनी तिथं नुसतं बघायचं. सर बरं म्हणाले आणि निघताना मला खिशात टाकलं. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

परक्या देशातलं ते स्टेडियम म्हणजे नुसता कल्ला. झेंडे, ढोल, भोंगे, आणि शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येईल तर शपथ. सर आणि जावई अगदी पुढच्या रांगेत, मैदानाला खेटून बसले होते. जावयाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो बटाट्याचे काप खात होता आणि सगळे ओरडले की ओरडत होता. सरांनी मला मुठीत धरलं होतं. मूठ घामानं ओली, पाय सारखे हलणारे, आणि माझ्या पोटात गोळीचा नुसता थयथयाट. लेकीच्या हातात प्लॅस्टिकची, बिनगोळीची नवी शिट्टी होती. असल्या थंड पोटाच्या शिट्टीवर माझा काडीचा विश्वास नाही.

सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. तेवढ्यात एका पिवळ्या शर्टवाल्यानं एका निळ्या शर्टवाल्याला मागून सरळ लाथ घातली. तो कोसळला. चेंडू घरंगळत पुढं गेला. लेकीनं दोन्ही हात पुढं पसरले, पण शिट्टी काही वाजेना. सर पुटपुटले, "फुंक... अगं, फुंक!" तरी वाजेना. मग मी त्यांच्या ओठांवर कधी आले, ते ना त्यांना कळलं ना मला.

फुर्रर्र!

सगळं मैदान थबकलं. सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं आणि लेकीनं आमच्याकडे. तो आवाज ती ओळखणार नाही होय? मनात आणलं असतं तर शिट्टी आपलीच म्हणून तिला दडपून नेता आलं असतं. त्या गोंगाटात कोणाला कळणार होतं? पण ती रेषेपर्यंत चालत आली, रक्षकाला बोलावलं आणि सरांकडे बोट दाखवलं. सरांना एवढंच म्हणाली, "बाबा, बाहेर जाऊन बसा."

लोक हुर्यो करत होते. आम्ही खाली मान घालून निघालो.

बाहेर फाटकाजवळच्या बाकावर सरांना चैन पडेना. उठत होते, बसत होते, मला या हातातून त्या हातात घेत होते. पोरीचं वाटोळं केलं मी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. जावयानं बटाट्याचे काप पुढं केले, ते त्यांना दिसलेही नाहीत. आतला गलबला शेवटी थांबला. बऱ्याच वेळानं लेक बॅग घेऊन बाहेर आली.

सरांनी मान वर न करता विचारलं, "फाउल होता ना?"

"होता. दिसला होता मला. पण पडलेल्याचाच साथीदार चेंडू घेऊन गोलवर एकटा पळत होता, बाबा. मी फुंकलं असतं तर लाथ मारणाऱ्याचंच फावलं असतं. म्हणून खेळ चालू राहू दे, अशी हातांनी खूण केली आणि थांबले होते."

हा नियम सरांनाही पाठ होता. तेवढा धीर मात्र त्यांना उभ्या जन्मात झाला नव्हता.

"आणि परीक्षक?"

"तो गृहस्थ कोण, म्हणाले. माझे वडील, म्हटलं. मग उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेतला. वरच्या श्रेणीत घेतलं मला, बाबा."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. "ही तुझ्याकडे राहू दे. माझ्या खिशात गप्प बसत नाही." गप्प कोण बसत नव्हतं, यावर मी काही बोलत नाही.

सर एकटेच मायदेशी परतले. मी आता लेकीच्या स्वयंपाकघरात खुंटीला असते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू खणात पडली असेल, एखादं निवृत्त माणूस खिडकीशी बसलं असेल. त्यांना जरा हलवून बघा. आत अजून काहीतरी गडगडत असतं. त्यांनाही अधूनमधून वाजू द्या, फक्त दुसऱ्याच्या सामन्यात नको.

दर रविवारी सरांचा फोन येतो. जेवलात का म्हटलं की ते टाळाटाळ करतात, एकट्यासाठी पान घ्यायचा कंटाळा येतो म्हणतात. मग लेक मला खुंटीवरून काढते आणि फोनपाशी धरून एकदा जोरात फुंकते.

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि सर म्हणतात, "आलो, आलो."