साखरपोलिसाचं रक्त

घरात तिला सगळे साखरपोलीस म्हणायचे. बाबांना मधुमेह आणि ही पोषणावर संशोधन करणारी. मग काय, बाबांच्या चहात चमचाभर साखर पडली रे पडली की हिचा आवाज चढलाच!

त्या दिवशी मात्र प्रयोगशाळेत तिचा पारा वेगळ्याच कारणानं चढला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं नवं किट आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंसेवक रक्त द्यायला येणार होते. त्याआधी किट तपासायला निरोगी माणसाचं रक्त हवं. त्यासाठी बाहेर कोण शोधत बसतंय? इथली सगळी मंडळी आपलीच बाही वर करायची. तिनंही केली. आकडा आला तो थेट मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा.

"भंगार किट!" ती कडाडली. "चांगल्या रक्ताला आजारी ठरवतंय. उद्याचं सगळं रद्द करा!"

"थांब गं बाई," तिचा सहकारी लंबू म्हणाला. "माझं घालून बघू."

लंबूचा आकडा अगदी शहाण्यासारखा आला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचाही. मग पुन्हा तिचा. पुन्हा उंबरठ्यावर!

लंबू नुसता तिच्या टेबलाकडे बघत राहिला. तिथं गोड कॉफीचे रिकामे कप आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा.

"जेवायला वेळ कुठे मिळतो?" ती पुटपुटली.

"मी काही विचारलं का?"

तिनं कपाळाला हात लावला. किटला नावं ठेवली असती तर सुटली असती. पण मग एवढ्या लोकांना फुकट परत पाठवायचं, तेही खोटं बोलून?

"किट ठणठणीत आहे," ती शेवटी म्हणाली. "उद्या येऊ देत सगळ्यांना. माझं नाव तेवढं निरोगी लोकांतून काढ."

संध्याकाळी तिला दारात बघून बाबांनी घाईघाईनं चमचा पाठीमागे लपवला.

"बाबा, फिरायला निघालात की मलाही घेऊन चला."

"का? आता रस्त्यावरही पाळत?"

तिनं आकडा सांगितला. बाबांचा चेहरा पडला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या आधी डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर."

मग बाबांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांनी चमचा टेबलावर ठेवला आणि ऐटीत हात पुढे केला.

"बूट नंतर. आधी ती पर्स उघड. झडती!"