लेकीशेजारची जागा

"दाजी, ते हाड उचला, पोत्यात घाला आणि पुढे खणा," काठावरून मेहुणा म्हणाला. "मेलेल्यांची कसली चौकशी करताय?"

वल्को कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. पायाशी हिरवं पडलेलं कडं घातलेला हात उघडा झाला होता. चाळीस वर्षं तो या बल्गेरियन गावाच्या कबरी खणत आला होता. आजची त्याच्या बायकोची, नेदाची होती. शेजारी त्यांची रालित्सा होती, सहाव्या वर्षी गेलेली. मला तिच्याजवळच ठेवा, एवढं एकच मागणं नेदाने शेवटच्या आठवड्यात रोज केलं होतं. दफन उद्या सकाळी होतं.

सहा वर्षांपूर्वी संग्रहालयाची माणसं शाळेत येऊन सांगून गेली होती, की जुनं काही सापडलं तर हात थांबवा, झाका, कळवा. गावाने माना डोलावल्या आणि पुढे जे जे सापडलं ते कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरलं. वल्को आडमुठा, त्याने मात्र ते मनावर घेतलं. एक कोरीव दगड आणि एक मडकं त्याने कळवलं होतं. त्याबद्दल आलेलं संग्रहालयाचं आभारपत्र नेदा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची आणि लोक पाठ फिरली की हसायचे. शहाणं गाव होतं, दुसरं काय म्हणायचं!

आताही त्याने संग्रहालयाला फोन केला. पलीकडच्या माणसाने तोंड भरून स्तुती केली, दोन दिवसांत येतो म्हणाला, तोवर फावडं लावायचं नाही. उद्या बायकोला पुरायचंय, असं वल्कोने दोनदा सांगितलं. त्या माणसाला वाईट वाटलं, पण कायदा तो कायदा.

नेदाला कबरस्तानाच्या खालच्या भिंतीपाशी, रस्त्याकडेला पुरलं. पाऊस येईल म्हणून चौघांनी घाईघाईत उतरवलं. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटताना मेहुण्याने वल्कोला वगळलं आणि त्यानंतर तो त्याच्याशी बोलला नाही.

दोन दिवसांचे अकरा महिने झाले. मग तिघं जण आले, मऊ ब्रश घेऊन. वल्को पाच दिवस काठावर बसून बघत होता. हाडावरची माती ते अशी झाडत होते, की त्याला संताप आला; माझ्या नेदाला असे हात का मिळाले नाहीत? आता तरी तिला इकडे हलवू द्या, म्हणून तो पालिकेत जाऊन आला. आठ वर्षं कबर उघडता येत नाही, असं तिथे कळलं. वल्को त्र्याहत्तर वर्षांचा होता.

पाचव्या दिवशी त्यांच्यातली मुख्य, आंतोनिना नावाची तरुण बाई वर आली. "ही बाई एकटी नाही, काका. कुशीत लहान मूल आहे. दोन हजार वर्षं दोघं जवळ होती."

वल्को काठावरून खाली वाकला. "दोघांना एकाच खोक्यात ठेवाल ना?"

"वेगळी ठेवावी लागतात. नियम आहे."

"नियम मला नको सांगूस, पोरी."

तिने दोन खोकी भरून बंद केली. खोकी गाडीपर्यंत त्यानेच नेली. लहान खोकं मोठ्याला टेकवून ठेवलं आणि वाटेत सरकू नये म्हणून कडेला आपला कोट दाबून बसवला. गाडी गेल्यावर तो परत आला आणि लेकीशेजारचा रिकामा खड्डा बुजवू लागला.